आजाऱ्याच्या ताटाची राखण

आजाऱ्याला भेटायला जायचे तर रिकाम्या हाताने जायचे नाही, अशी आपल्याकडची रीत आहे. आमच्या नात्यातले एक वयस्क गृहस्थ मूत्रपिंडाच्या आजाराने शहरातल्या रुग्णालयात पडून होते. त्यांना बघायला आम्ही चौघे निघालो, तेव्हा स्टँडवरून चार शहाळी घेतली. शहाळे म्हणजे आजाऱ्याचे अमृत, त्यात विचारायचे काय? खाटेजवळ बसून पहिल्या शहाळ्याचे पाणी पेल्यात ओतणार, एवढ्यात पांढरा एप्रन घातलेली, केस टोपीत बांधलेली एक विशी-बाविशीची मुलगी जेवणाची गाडी ढकलत आली आणि जागीच थांबली.

“मामा, थांबा. ते पाणी बाबांना देऊ नका.”

आमच्या काकूंना राग आला. चार दिवसांत नवऱ्याच्या पोटात धड अन्न नाही, आणि ही कालची पोर आम्हाला अडवते! त्या म्हणाल्या, “अगं बाई, शहाळ्याचं पाणी हाय ते. दारू न्हवं.”

मुलगी चिडली नाही. गाडी बाजूला लावून ती काकूंच्या शेजारी उकिडवी बसली. “काकू, ज्याची किडनी धड आहे त्याला हे अमृतच. पण यात पोटॅशियम नावाचा क्षार भरपूर असतो. बाबांची किडनी तो बाहेर टाकू शकत नाही. तो रक्तात साठला की काळजाचे ठोके चुकतात. म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर शहाळं, केळं, संत्रं बंद लिहिलंय. मी सिस्टरांना बोलावते, तुम्ही त्यांनाच विचारा.”

सिस्टर आल्या. त्यांनी कागद पाहिला आणि मान डोलावली. काकूंनी पेला खाली ठेवला. त्यांचे हात कापत होते. आणखी एका मिनिटाने काय झाले असते, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

ती मुलगी डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. ती होती आहारतज्ज्ञांच्या हाताखालची सहाय्यक. रुग्णालयात तिला ‘डाएट असिस्टंट’ म्हणतात. तीही आपल्यासारख्याच कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी निघाली. तिची सुट्टी झाल्यावर तिच्याशी बराच वेळ बोलणे झाले. आपल्या घरात बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा असेल आणि पुढे काय, हा प्रश्न रोज रात्री जेवताना निघत असेल, तर या कामाची माहिती करून घेण्यासारखी आहे.

हे काम आहे तरी काय?

मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ असतात. कोणत्या रुग्णाला किती कॅलरी, किती प्रथिने, किती मीठ, किती पाणी द्यायचे, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ते ठरवतात. पण ठरवलेले ताट नेमक्या रुग्णापर्यंत, नेमक्या वेळी, नेमके तेवढेच पोहोचले पाहिजे. ठरवणारा आणि जेवणारा यांच्यामधला दुवा म्हणजे हा सहाय्यक.

त्याचा दिवस पहाटे सुरू होतो. प्रथम प्रत्येक वॉर्डातून आहाराची यादी घ्यायची. रात्रीतून कोण नवीन आले, कुणाला सुट्टी मिळाली, कुणाचे पथ्य बदलले, कुणाला आज ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचे आहे, हे सगळे त्यात असते. ती यादी स्वयंपाकघरात द्यायची. धान्य, भाजी, दूध मोजून काढून द्यायचे. ताटे लागली की प्रत्येकावरची चिठ्ठी तपासायची. मग गाडी घेऊन वॉर्डात जायचे. परत येताना कुणाच्या ताटात किती उरले ते लिहून आणायचे. पुष्कळांना वाटते की ताट वाटले म्हणजे काम संपले. पण उरलेले अन्न लिहिणे हे वाटण्याइतकेच मोलाचे आहे. तीन दिवस अर्धी पोळीच खाणारा रुग्ण औषधाने कसा बरा होणार? ही गोष्ट आहारतज्ज्ञांच्या कानावर घालणारे माणूस हेच.

आजाऱ्याचे अन्न हा शास्त्राचा विषय आहे, हे जगाला फार उशिरा उमगले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859 साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाच्या खाण्यावर स्वतंत्र प्रकरणे घातली. आपल्या देशात 1918 साली कुन्नूर येथे मॅकॅरिसन या डॉक्टरने बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एका लहानशा खोलीत काम सुरू केले. त्याच कामातून पुढे राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. ती 1958 साली हैदराबादला आली आणि आजही तिथेच आहे. आपल्या ज्वारी-बाजरीत, हरभऱ्यात, शेपू-चुक्यात काय काय आहे, हे याच संस्थेने मोजून छापले. 2017 साली तिने काढलेल्या कोष्टकात 528 खाद्यपदार्थांची माहिती आहे. आहारतज्ज्ञांच्या टेबलावर ही कोष्टके नेहमी असतात.

ताटांचे प्रकार

आपल्या घरी आजारी माणसाला पेज, खिमट, मऊ भात असे चढत्या क्रमाने देतात. रुग्णालयातही तेच करतात, फक्त तिथे त्याला नावे आणि मापे असतात.

पहिला स्वच्छ पातळ आहार. यात आरपार दिसेल असे पातळच द्यायचे. साखरपाणी, बिनदुधाचा चहा, डाळीचे वरचे निवळ पाणी. ऑपरेशननंतर आतडी नुकती जागी होत असताना हा देतात. यात पोषण थोडे, म्हणून तो फार दिवस चालवत नाहीत. दुसरा पूर्ण पातळ आहार. दूध, ताक, गाळलेली पेज, नाचणीची आंबील, पातळ खीर. तिसरा मऊ आहार. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, शिजवून घोटलेली भाजी. चौथा नेहमीचा.

यांच्या जोडीला खास पथ्याची ताटे असतात. मधुमेहाचे, मूत्रपिंडाचे, कमी मिठाचे, यकृताच्या आजाराचे, भाजलेल्या रुग्णाचे. भाजलेल्या माणसाला कातडी नव्याने भरून यायला प्रथिने जास्त लागतात, तर मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना ती मोजून द्यावी लागतात. ज्या रुग्णाला गिळता येत नाही त्याला नाकातून पोटात घातलेल्या नळीने पातळ अन्न देतात. नळीने अन्न देण्याचे काम सिस्टरांचे. पण ते अन्न बारीक वाटून, वस्त्रगाळ करून, मोजून, ठरल्या वेळी पाठवणे हे स्वयंपाकघराचे. एक कण राहिला तरी नळी तुंबते.

आता यासाठी अंगी कोणते गुण लागतात ते क्रमाने पाहू.

पहिला गुण : लिहिलेले नीट वाचणे

तो गुण साधा वाटतो, पण सगळा डोलारा यावरच उभा आहे. एकाच वॉर्डात एकाच नावाचे दोन पाटील, दोन शिंदे असतात. एकाला मधुमेह, दुसऱ्याला नाही. म्हणून नुसते नाव पाहून ताट द्यायचे नाही. नाव, कागदाचा क्रमांक आणि खाटेचा क्रमांक तिन्ही जुळवायचे, आणि रुग्णाला “तुमचे नाव काय?” असे विचारायचे. “तुम्हीच का शिंदे?” असे विचारले तर अर्धवट झोपेतला म्हातारा कशालाही हो म्हणतो.

याच मुलीने आपली एक चूक सांगितली. कामाला लागून तिला जेमतेम महिना झाला होता. सकाळच्या चहाच्या वेळी एका बाईंनी काकुळतीने चहा मागितला. रात्रीपासून घशाला कोरड पडली आहे म्हणाल्या. हिने दया येऊन दुधाचा चहा दिला. खाटेला लावलेली ‘उपाशी’ ही पाटी उलटी झाली होती आणि हातातली यादी तिने पाहिली नव्हती. त्या बाईंचे दोन तासांनी ऑपरेशन होते.

भूल दिल्यावर पोटात काही असेल तर ते उलटून वर येते आणि श्वासनलिकेत, फुफ्फुसात जाते. माणूस दगावूही शकतो. म्हणून भुलीआधी साधारण सहा तास हलके अन्न आणि दूधसुद्धा बंद ठेवतात.

“माझ्या पायांखालची जमीन सरकली,” ती म्हणाली. “गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. कप मीच उचलला होता. पण मी तशीच पळत सिस्टरांकडे गेले आणि सांगितलं.” ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. त्या बाईंचे नातेवाईक खूप बोलले, वरिष्ठांनीही झाडले. पण आहारतज्ज्ञ बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितले की चूक करणारी मुलगी शिकवता येते, चूक लपवणारी मुलगी या कामात ठेवता येत नाही.

हा या कामातला सर्वांत मोठा गुण. तो कुठल्या परीक्षेत मिळत नाही. तो घरातून न्यावा लागतो.

दुसरा गुण : मोजमाप

आपल्या बाया डोळ्यांनी मापतात आणि ते माप चुकत नाही. पेरणीला पंधरा माणसे असली तर किती पिठाच्या भाकरी, किती कालवण, हे आईला कुणी शिकवलेले नसते. रुग्णालयात हीच अक्कल लागते, फक्त ती काट्यावर उतरवावी लागते.

हिशेब अवघड नाही. पिठूळ पदार्थांचा आणि साखरेचा एक ग्रॅम म्हणजे चार कॅलरी, प्रथिनांचा एक ग्रॅम चार, आणि तेल-तुपाचा एक ग्रॅम नऊ. साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी सुमारे 200 कॅलरी देते आणि तिच्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. साठ रुग्णांना प्रत्येकी साठ ग्रॅम तांदूळ धरला तर तीन किलो सहाशे ग्रॅम तांदूळ काढायचा. भाजीत देठ, साल जाणार, म्हणून ती निवडल्यावर किती उरते ते धरून जास्त घ्यायची. लहान चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. ज्याला दिवसात मोजकेच पाणी प्यायचे आहे त्याचे ताक, आमटी, चहा, दूध हे सगळे त्या पाण्यातच धरायचे.

ज्या मुलीला चौथीपर्यंतचे गुणाकार-भागाकार आणि त्रैराशिक न अडखळता येते तिला हे जमते. पण येते असे नुसते वाटून चालत नाही, रोज बिनचूक आले पाहिजे.

तिसरा गुण : वेळ पाळणे

मधुमेहाच्या रुग्णाला जेवणाआधी इन्सुलिनची सुई देतात. सुई वेळेवर आणि ताट तासभर उशिरा असे झाले तर रक्तातली साखर खाली जाते. माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, पुढे शुद्धही जाते. म्हणून मधुमेहाची ताटे गाडीत सगळ्यांत पुढे ठेवतात आणि सुई देणाऱ्या सिस्टरांशी वेळ जुळवून घेतात. रुग्णाने सुई घेतली आणि मग जेवायला नको म्हटले, तर ताट मुकाट्याने परत आणायचे नाही. तिथल्या तिथे सिस्टरांना सांगायचे.

बैलाला पाणी दाखवायची वेळ जो चुकवत नाही, त्याला वेळेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. इथे फक्त घड्याळ पाहायचे.

चौथा गुण : स्वच्छता

आजारी माणसाच्या अंगात प्रतिकाराची ताकद थोडी असते. धडधाकट माणसाला दोन जुलाब होऊन सुटणारे दूषित अन्न त्याला खाटेला खिळवते. म्हणून इथल्या स्वच्छतेचे नियम कडक असतात. नखे कापलेली, केस टोपीत, हात साबणाने मनगटापर्यंत किमान वीस सेकंद धुतलेले. कच्चे मांस-अंडी यांचा पाट-सुरी वेगळी आणि भाजीची वेगळी. गरम अन्न 60 अंशांच्या वर, थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली. या दोहोंच्या मधल्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेला भातही उघड्यावर तासन्‌तास ठेवला तर बाधतो. जुना माल आधी वापरायचा, नवा मागे रचायचा. स्वतःला जुलाब, ताप, हातावर गळू असेल तर त्या दिवशी अन्नाला हात लावायचा नाही आणि तसे स्वतः होऊन सांगायचे.

इथे आपल्याकडच्या मुलींना एक गोष्ट जड जाते. काचेच्या बांगड्या आणि अंगठ्या स्वयंपाकघरात चालत नाहीत. बांगडी फुटून काच अन्नात पडते आणि अंगठीखाली मळ राहतो. नव्याने लग्न झालेल्या मुलीने हातातला चुडा उतरवायचा म्हणजे सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते. त्या मुलीच्या एका मैत्रिणीच्या सासूबाई अशाच रागावल्या होत्या. तिने त्यांना एकदा स्वयंपाकघर दाखवायला नेले. घरी परतल्यावर सासूबाईच रोज सकाळी बांगड्या ठेवायला डबी पुढे करू लागल्या. समजावून सांगितले तर घरची माणसे ऐकतात.

पाचवा गुण : जीभ गोड, तोंड बंद

रुग्णाला अळणी जेवण आवडत नाही. तो ताट सरकवतो, चिडतो. घरचे लोक मायेपोटी डब्यात लोणचे, पापड, खर्डा घेऊन येतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला तेच घातक ठरते. अशा वेळी हुकूम सोडून काम होत नाही. त्याच्या बोलीत, त्याच्या चवीची वाट काढून बोलावे लागते. मीठ नको तर लिंबू, कोथिंबीर, जिरे, आले यांनी चव आणता येते का, हे आहारतज्ज्ञांना विचारून सुचवायचे. सैंधव चालते असे पुष्कळांना वाटते, पण तेही मीठच. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेले असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचे नाही.

उपासाचा दिवस, वारकऱ्याची माळ, रोजा, जैनांचे कंदमूळ वर्ज्य असणे, या सगळ्याची दखल घ्यायची. माळकऱ्याच्या ताटात अंडे गेले तर तो त्या रुग्णालयातला घोटभर चहाही पुन्हा विश्वासाने घेणार नाही.

बोलता आले पाहिजे तसे गप्पही राहता आले पाहिजे. कुणाला काय आजार आहे, हे बाहेर बोलायचे नाही. आपल्या गावचा रुग्ण असला तरी गावात जाऊन सांगायचे नाही. आणि स्वतःचे डॉक्टरकीचे सल्ले द्यायचे नाहीत. “मी विचारून सांगते,” हे वाक्य या कामात लाजेचे नाही.

यांखेरीज आठ-आठ तास उभे राहण्याची ताकद लागते. आता बऱ्याच रुग्णालयांत याद्या संगणकावर असतात, म्हणून संगणकावर मराठी व इंग्रजी टंकलेखन येणे उपयोगी पडते. पदार्थांची आणि आजारांची इंग्रजी नावे वाचता आली पाहिजेत. त्यासाठी फाडफाड इंग्रजी बोलायची गरज नाही.

कुपोषित बाळाच्या खाटेपाशी

या कामाचे मोल सर्वांत जास्त कुठे दिसत असेल तर ते पोषण पुनर्वसन केंद्रात. मेळघाट, नंदुरबार, पालघर अशा भागांतून कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अंगणवाडीत बाळाच्या दंडाला पट्टी लावून माप घेतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टीवर लाल रंग येतो. म्हणजे बाळ तीव्र कुपोषित. त्यातून ते आजारी असेल, खात नसेल, पायांवर सूज असेल तर त्याला आईसह या केंद्रात ठेवून घेतात. तिथे आईला जेवण मिळते आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही देतात.

बाळ उपाशी आहे, तर त्याला पोटभर खाऊ घालावे, असे कुणालाही वाटेल. पण तसे केले तर ते दगावू शकते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराचे हृदय आणि मूत्रपिंड दुबळे झालेले असतात. एकदम जास्त अन्न आले की रक्तातले क्षार अचानक खाली जातात. म्हणून आरंभी जो दुधाचा आहार देतात त्याच्या 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी आणि प्रथिने एक ग्रॅमहून कमी असतात. तो सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडा थोडा देतात. बाळ सावरले, भूक लागली, सूज उतरू लागली की हळूहळू 100 मिलिलिटरला 100 कॅलरी आणि सुमारे तीन ग्रॅम प्रथिने असलेला आहार सुरू करतात. दूध, साखर, तेल, कुठे चुरमुऱ्याचे पीठ, अशा साध्याच वस्तूंतून तो बनतो. परंतु मापे बाळाच्या वजनावर ठरतात आणि सोबत औषधे असतात. म्हणून हा प्रयोग घरी करायचा नव्हे.

रात्री दोन वाजता उठून पेल्यात मोजून दूध घ्यायचे, किती प्यायले, किती सांडले, किती उलटले ते लिहायचे, सकाळी त्याच काट्यावर बिनकपड्यांचे वजन करायचे. आठ दिवसांनी ते बाळ चमच्याकडे पाहून तोंड उघडते. ज्याने हे पाहिले त्याला या कामाला ‘वाढपी’ म्हणावेसे वाटणार नाही.

शिक्षण कुठे आणि किती?

सहाय्यकाच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी बारावी आणि त्यावर आहार-पोषणाचा प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम मागतात. बारावीला विज्ञान किंवा गृहविज्ञान असल्यास बरे. घर सोडता येत नसेल त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अन्न व पोषणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि पोषण व आरोग्य शिक्षणाची पदविका आखलेली आहे. प्रवेशाच्या तारखा आणि फी जवळच्या अभ्यासकेंद्रात विचारून घ्यावी.

ज्यांना पुढे स्वतः आहारतज्ज्ञ व्हायचे आहे त्यांनी पदवी, आणि शक्य तर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठात हा विषय शिकवतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाचे महाविद्यालय आहे. पूर्वी त्याला गृहविज्ञान महाविद्यालय म्हणत. कृषी विद्यापीठात फक्त शेतीच शिकवतात असे समजून पुष्कळ पालक तिकडे चौकशीच करत नाहीत.

2021 साली केंद्र सरकारने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. त्यात आहारतज्ज्ञांचा समावेश आहे. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून दाराला ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी लावता येत नाही, हे मुलांनी आधीच ओळखून असावे.

पैशाचे आणि फसवणुकीचे

खोटी आशा दाखवणे बरे नाही. सहाय्यकाचा पगार सुरुवातीला बेताचाच असतो. खाजगी रुग्णालयात पुष्कळदा काम ठेकेदारामार्फत असते. शहरात राहायचे भाडे, येण्याजाण्याचा खर्च वजा करून हाती काय उरते, हे वडिलांनी आणि मुलीने मिळून कागदावर मांडावे. नेमणुकीचे पत्र लेखी घ्यावे. भविष्यनिर्वाह निधी कापतात का, रात्रपाळीला राहण्याची किंवा सुरक्षित येण्याजाण्याची सोय आहे का, हे आधीच विचारावे. विचारल्याने नोकरी जात नाही, आणि जात असेल तर ती गेलेलीच बरी.

‘शंभर टक्के नोकरी’ अशी जाहिरात करणाऱ्या संस्थांपासून जपावे. संस्थेला मान्यता कुणाची, प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम शिकवणार, मागच्या वर्षीच्या मुली कुठे लागल्या, हे तीन प्रश्न विचारावेत. त्या मुलींपैकी एकीला प्रत्यक्ष भेटावे. नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर गाय विकून ते भरू नयेत.

काम फक्त रुग्णालयातच मिळते असे नाही. वसतिगृहे, आश्रमशाळा, वृद्धाश्रम, कारखान्यांची उपाहारगृहे इथेही अशी माणसे लागतात. आणि हे काम मुलींचेच आहे असेही नाही. मुलांनाही त्यात वाव आहे.

घरच्या घरी परीक्षा

आपल्याला हे जमेल की नाही, हे कळायला फीची गरज नाही. महिनाभर एवढे करून पाहा. घरातल्या आजी-आजोबांनी तीन दिवस काय, किती आणि कोणत्या वेळी खाल्ले ते वहीत लिहा. अंदाजाने नव्हे, पाहून लिहा. दुकानदाराच्या काट्यावर आपल्या घरच्या वाटीत पीठ किती, डाळ किती, शेंगदाणे किती बसतात ते एकदा मोजून ठेवा. बिस्किटाच्या पुड्यावरचे साखर-मिठाचे आकडे वाचा. घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्यांच्या जेवणातले मीठ डॉक्टरांनी सांगितले तेवढेच राहील याची जबाबदारी घ्या, आणि भांडण न करता ते जमते का पाहा. महिनाअखेरीस वहीत एकही दिवस कोरा नसेल, तर तुम्ही या कामाच्या आहात असे खुशाल समजा.

त्या मुलीच्या वडिलांनाही आधी हे काम पसंत नव्हते. “शिकून-सवरून पोरगी ताटं वाढणार,” असे भावकीत बोलले गेले. तिची आई तेवढी म्हणाली होती, “जेवू घालणं कधीपासून हलकं झालं?” आज धाकट्या भावाच्या शिक्षणाला घरी हातभार लागतो. पण तिला त्याहून समाधान वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. गावात कुणाला शहरातल्या रुग्णालयात न्यायचे झाले, की निघण्याआधी लोक तिला फोन करून विचारतात, “ताई, डब्यात काय आणू?”

आमच्या नात्यातले ते गृहस्थ घरी परतले. डायलिसिस चालू आहे, पण हिंडतात-फिरतात. काकूंनी स्वयंपाकघराच्या भिंतीला एक कागद चिकटवला आहे. काय चालते, काय चालत नाही, त्या मुलीच्या स्वच्छ अक्षरात. भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून द्यायचे, असे त्यात खाली रेघ मारून लिहिले आहे. काकूंना वाचता येत नाही. शाळेतून आलेला नातू रोज संध्याकाळी त्यांना तो वाचून दाखवतो, आणि मगच चुलीवर पातेले चढते.